सबळ कारण

शासकीय सेवेच्या अखेरच्या काही वर्षांत कामानिमित्त जुन्या प्राथमिक शाळांचे दप्तर पाहण्याचा योग मला अनेकदा आला. हजेरीपट, शेरेबुक, दाखल-खारीज रजिस्टर अशा त्या वह्या. पाने पिवळी पडलेली, शाई फिकी झालेली. पण मोडी वळणाची छाप असलेले जुन्या गुरुजींचे देवनागरी अक्षर अजून सुवाच्य. एका खेडेगावच्या शाळेतील रजिस्टर पाहताना शेवटच्या रकान्यावर माझी दृष्टी खिळली. रकाना होता नाव कमी करण्याच्या कारणाचा. ‘गाव सोडले’, ‘शेतीकाम’, ‘मयत’ अशा नोंदींच्या मधून मधून आणखी काही नोंदी होत्या : ‘ऐकू येत नाही’, ‘दिसत नाही’, ‘समज कमी’. दोन-तीन शब्दांत एकेका लेकराचे शिक्षण संपले होते.

त्या नोंदी करणाऱ्या गुरुजींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते निर्दय नव्हते. नियमाप्रमाणे वागत होते. आमच्याच वर्गात, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, एक मुलगा होता. तो बोलावे तेव्हा बघत नसे आणि बघे तेव्हा हसे. दुसरीपर्यंत आला, मग येईनासा झाला. तो गुरे राखताना दिसे. त्याला ऐकू येत नव्हते, हे आम्हा मुलांना ठाऊक होते, शाळेलाही असावे. परंतु त्यासाठी काही करावयाचे असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वेगळ्या गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या प्राथमिक शाळेत आधार देऊन शिकवावे, ही कल्पना आपल्याकडे कशी आली, कायद्यात कशी उतरली आणि पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या मराठी मुलखात तिचा विशेष अर्थ काय, याचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

सक्ती आणि सवलत

प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे, ही मागणी मराठी माणसाला नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला होता. नामदार गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात त्यासाठी विधेयक आणले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९२० मध्ये आपल्या मध्यप्रांतात प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. आपली तहसील तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतातच होती.

सक्तीच्या प्रत्येक कायद्याला एक मागचे दार असते. पालकाने मूल शाळेत पाठवले नाही तर दंड. परंतु त्याच्याजवळ ‘सबळ कारण’ असेल तर दंड नाही. १९६० चा दिल्लीचा प्राथमिक शिक्षण कायदा पुढे अनेक राज्यांच्या कायद्यांना नमुन्यादाखल ठरला. त्यात शाळेपर्यंतचे अंतर वगैरे कारणांबरोबर उपस्थितीस आड येणारे मुलाचे शारीरिक किंवा मानसिक व्यंग हेही गैरहजेरीचे सबळ कारण मानले होते. वरकरणी ही दयेची तरतूद होती. आंधळ्या मुलाच्या बापाला दंड कशाला, असा तो विचार. पण तिचा परिणाम असा झाला की पालकाबरोबर शासनही मोकळे झाले. मूल न येणे हे क्षम्य ठरले, म्हणजे मूल यावे यासाठी काही करणे अनावश्यक ठरले. त्या रजिस्टरातील शेवटचा रकाना भरणाऱ्या गुरुजींची लेखणी या विचाराने धरलेली होती.

शासन अशी मुले मोजत नव्हते, असे मात्र नाही. १८७२ च्या पहिल्या शिरगणतीपासून १९३१ पर्यंत प्रत्येक जनगणनेत वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी अशांची नोंद होत असे. १९४१ पासून १९७१ पर्यंत हा रकानाच वगळला गेला. १९८१ मध्ये तो परत आला, १९९१ मध्ये पुन्हा गेला आणि २००१ पासून स्थिरावला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. परकीय अमलात मोजणी होती पण शाळा नव्हती. स्वराज्याच्या पहिल्या तीन दशकांत शाळा वाढल्या पण मोजणी नव्हती. ज्याला मोजले नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हे सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

वेगळ्या शाळांचा काळ

आधी आल्या त्या वेगळ्या शाळा. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिरांसाठी संस्था निघाली. १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी तेथेच अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. नागपुरात १९२८ मध्ये अंधांसाठी संस्था उभी राहिली. १९४४ मध्ये मुंबईच्या एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसारख्या मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईतच स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. यांतील बहुतेक संस्था कोणा मातापित्याच्या, मिशनऱ्याच्या किंवा दात्याच्या तळमळीतून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी केलेले काम मोलाचे आहे.

परंतु या शाळा शहरांत होत्या. खेड्यातील शेतकऱ्याने सहा वर्षांचे अंध लेकरू नागपूरच्या वसतिगृहात ठेवायचे, की घरी बसवायचे, एवढाच पर्याय त्याच्यापुढे होता. त्यातही आपल्या भागावर इतिहासाने आणखी एक रेघ ओढली. देवगडच्या गोंड राजांनंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि १८५४ नंतर इंग्रजांच्या मध्यप्रांतात आपले सारे व्यवहार नागपूरशी बांधलेले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. बाजार, दवाखाना, सोयरीक नागपूरशीच राहिली. पण दाखला, शिष्यवृत्ती, सवलत यांची वाट भोपाळकडे वळली. निरोगी मुलाला ही रेघ फारशी जाणवली नाही. ज्याला दवाखाना, खास शाळा आणि शासनाची मदत या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात, त्या मुलाला ती पावलोपावली आडवी आली.

एकाच छपराखाली

विशेष मुलांना शक्यतो इतर मुलांबरोबरच शिकवावे, हा विचार आपण समजतो तितका नवा नाही. युद्धोत्तर शिक्षणविकासाच्या १९४४ च्या सार्जंट अहवालात असे म्हटले होते की व्यंगाचे स्वरूप आणि प्रमाण पाहता अगदी अपरिहार्य असेल तरच अशा मुलांना वेगळे करावे. १९६४ ते ६६ या काळातील कोठारी आयोगानेही हाच कौल दिला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी निगडित असलेले शिक्षणतज्ज्ञ होते, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष योजना १९७४ मध्ये आली. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची ही केंद्रीय योजना प्रथम समाजकल्याण मंत्रालयाकडे होती आणि १९८२ मध्ये ती शिक्षण मंत्रालयाकडे गेली. हा बदल वरवर कारकुनी दिसतो. पण त्याचा अर्थ मोठा आहे. मूल कल्याणाच्या खात्यातून शिक्षणाच्या खात्यात आले. १९८७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने निवडक विकासखंडांत एक प्रकल्प चालवला. त्यात मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा समावेश होता. एका खंडातील सर्व शाळा आणि सर्व शिक्षक घ्यावयाचे, थोडे प्रशिक्षण सर्वांना आणि सखोल प्रशिक्षण थोड्यांना द्यावयाचे, अशी त्याची रचना होती.

येथे दोन शब्दांतील भेद पाहिला पाहिजे. ‘एकात्म’ शिक्षणात मुलाने शाळेच्या साच्यात बसावयाचे असते. बसला तर ठीक, नाहीतर वेगळी शाळा आहेच. ‘समावेशित’ शिक्षणात शाळेने स्वतःला मुलाच्या गरजेप्रमाणे वळवावयाचे असते. जून १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या शासनांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी या दुसऱ्या विचाराचा पुरस्कार केला. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. मात्र त्या कायद्यात सातच प्रकार होते. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण, म्हणजे ज्याला आपण अध्ययन अक्षमता म्हणतो, ती त्यात नव्हती. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ मध्ये आला आणि अशा मुलाची ओळख घराघरांत झाली; कायद्याला ती ओळख पटायला २०१६ साल उजाडले. त्या वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार एकवीस केले, त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आली. शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावे आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला परिसरातील शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क असावा, असेही त्यात आले. मधल्या काळात, २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला.

सारांश, ‘सबळ कारण’ हे दोन शब्द पुसून तेथे ‘हक्क’ हा एक शब्द लिहायला स्वतंत्र भारताला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

पेटीतले यंत्र

मध्यप्रदेशात १९९४ पासून राजीव गांधी शिक्षा मिशनचे काम सुरू झाले. १ जानेवारी १९९७ पासून शिक्षा गॅरंटी योजना आली : गावाने मागणी करावी, नव्वद दिवसांत शाळा मिळावी. पुढे सर्व शिक्षा अभियान आले. त्यात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला १२०० रुपयांची तरतूद होती. ती पुढे ३००० आणि २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत ३५०० झाली. विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी दरमहा २०० रुपयांचा वेगळा भत्ताही आला. शाळांना उतरणी बांधल्या गेल्या, तपासणी शिबिरे भरली, चाकाच्या खुर्च्या आणि श्रवणयंत्रे वाटली गेली.

अशाच एका शिबिरात, २००३-०४ च्या सुमारास, मी व्यवस्थेसाठी उपस्थित होतो. सात-आठ वर्षांच्या एका मुलीला श्रवणयंत्र मिळाले. बापाचे डोळे भरून आले. आम्ही टाळ्या वाजवल्या, छायाचित्र निघाले. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी त्या गावी गेलो असता मी मुद्दाम चौकशी केली. यंत्र लोखंडी पेटीत, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेले होते. “साहेब, महागाची वस्तू आहे, पोरीनं हरवली तर?” आई म्हणाली. बॅटरी केव्हाच संपली होती. यंत्र लावल्यावर आधी नुसता गोंगाट ऐकू येतो, त्यातून बोलणे वेगळे काढायला महिनोन् महिने शिकवावे लागते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. वर्गशिक्षकाला तर मुलीला यंत्र मिळाल्याचे ठाऊकही नव्हते. त्या शिबिराच्या अहवालावर माझीही सही होती. ‘वितरित’ या रकान्यात एक आकडा वाढला होता; मुलगी होती तेथेच होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. विशेष मुलाला आधार म्हणजे वस्तू नव्हे. यंत्र, चष्मा, खुर्ची ही सुरुवात आहे. खरा आधार म्हणजे रोजच्या वर्गात घडणाऱ्या लहान-लहान गोष्टी : कमी ऐकणाऱ्या मुलाला पुढे बसवणे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणे, कमी दिसणाऱ्यासाठी ठळक अक्षर काढणे, ज्याला लिहायला वेळ लागतो त्याला तोंडी उत्तर देऊ देणे, ज्याला लांब सूचना कळत नाही त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगणे. याला पैसा लागत नाही. पण वेळ लागतो, माहिती लागते, आणि वर्गात पन्नास मुले व दोन इयत्ता एकत्र असतील तर या दोन्ही गोष्टी शिक्षकापाशी उरत नाहीत. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. प्राथमिक स्तरावर अशा दर दहा मुलांमागे आणि वरच्या इयत्तांत दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण त्यात घालून दिले आहे.

कोणत्या भाषेत तपासले?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. पांढुर्णा-सौंसरच्या मुलाला इतर कोणत्याही मुलापेक्षा एक जास्तीचा उंबरठा ओलांडावा लागतो, तो भाषेचा.

घरी आपली नागपुरी वळणाची मराठी, शाळेत हिंदी. शाळेच्या भिंतीवर ‘सर्व शिक्षा अभियान’ अशी अक्षरे. आणि घरी ‘शिक्षा’ म्हणजे छडी. हिंदी पुस्तकात ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, घरी चेष्टा म्हणजे थट्टा. ‘संसार’ म्हणजे काय असे विचारल्यावर मराठी मूल घरातली भांडीकुंडी आठवते, गुरुजींना जग अपेक्षित असते. मराठीत लिंगे तीन, हिंदीत दोन. ‘ते पुस्तक’ म्हणणारे मूल ‘मेरा पुस्तक’ म्हणते, आणि चुकते. मराठीच्या नियमाने ‘गती’ लिहिते, हिंदीत ते ‘गति’ हवे असते, म्हणून लाल शाई उमटते. या चुका मुलाच्या बुद्धीच्या नव्हेत. दोन भाषांच्या सीमेवर राहण्याच्या आहेत.

एका शाळेत तिसरीतल्या अशा एका मुलाला बाहेरून आलेल्या पथकाने ‘मंदबुद्धी’ ठरवले होते. मला तो मुलगा ओट्यावर बसलेला दिसला. दोनच दिवसांपूर्वी पोळा झाला होता. मी त्याला आपल्या बोलीत बैलांविषयी विचारले. कोणता बैल डावीकडे जुंपतात, कोणाच्या शिंगांना कोणता रंग लावला, झूल कोठून आणली, तोरणाखाली कोणाची जोडी आधी निघाली, हे सारे त्याने क्रमाने आणि न अडखळता सांगितले. तो मंद नव्हता. त्याला विचारलेले कळले नव्हते.

बुद्धिमापनाच्या इतिहासात ही चूक नवी नाही. १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसच्या प्राथमिक शाळांसाठी पहिली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना अधिक मदत द्यावी हे कळावे म्हणून. कोणाला काढून टाकावे हे ठरवण्यासाठी नव्हे. बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि न बदलणारी वस्तू आहे, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. ही चाचणी आपल्याकडे आणताना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती इंग्रजीत घेतली नाही. कानडी आणि मराठी मुलांसाठी त्या-त्या भाषेत तिची मांडणी केली. ‘भारतीय मुलांचे बुद्धिमापन’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही ओळखली जाते. मुलाला त्याच्या भाषेत विचारावे, ही गोष्ट एका भाषासीमेवर काम करणाऱ्या विद्वानाला तेव्हाच कळली होती. अलीकडे, २०१५ मध्ये, मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-अडचण ओळखण्याचे ‘डाली’ नावाचे साधन हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत प्रसिद्ध केले. त्यात शिक्षकाने वर्गातच करावयाची प्राथमिक चाळणीही आहे. म्हणजे आपल्या मुलांना हिंदीत आणि मराठीत, दोन्हींत पारखण्याचे साधन आता उपलब्ध आहे. दोन्ही भाषांत अडचण दिसली तर ती खरी अडचण. एकाच भाषेत दिसली तर तो भाषेचा प्रश्न, असा साधा विवेक त्यातून करता येतो.

पण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. भाषेमुळे शहाणे मूल मंद ठरते, तसेच भाषेच्या आड खरी अडचण लपूनही राहते. मूल वाचत नाही, उत्तर देत नाही, शिक्षक म्हणतात, “घरी मराठी बोलतात ना, हिंदी कच्ची आहे, येईल हळूहळू.” पालकही तेच म्हणतात. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. आणि मग कळते की कानात दोष होता किंवा अक्षरच डोळ्यांपुढे नीट लागत नव्हते. जी वर्षे सर्वांत मोलाची होती ती गेलेली असतात. माझ्या नात्यातल्या एका मुलाबाबत हेच घडले आणि ‘येईल हळूहळू’ म्हणणाऱ्यांत मीही एक होतो. कायद्यातून आपण ‘सबळ कारण’ खोडले खरे. पण घरात आणि वर्गात भाषा हेच नवे सबळ कारण होऊन बसले आहे. कधी ते मुलाला वगळण्यासाठी वापरले जाते, कधी त्याची तपासणी टाळण्यासाठी. दोन्हींचा शेवट एकच : मूल मागे राहते.

यातून मार्ग काढण्यासाठी आपल्या हातात दोन कायदेशीर आधार आहेत आणि योगायोगाने त्यांतील एकाची जन्मतारीख आपल्या विभाजनाचीच आहे. राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सातव्या घटनादुरुस्तीने १ नोव्हेंबर १९५६ पासून आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. ज्या दिवशी आपण मराठी राजधानीपासून तुटलो, त्याच दिवशी हा आधार आपल्याला मिळाला. दुसरा आधार २०१६ च्या दिव्यांग कायद्याचा. आजवर आपण पहिला आधार सभा-संमेलनांच्या ठरावांत वापरला आणि दुसरा दाखल्यांच्या अर्जांत. एका मुलासाठी दोन्ही एकत्र मागितले पाहिजेत, हे आपल्याला सुचले नाही. मराठी घरातील मुलाची तपासणी मराठीतही व्हावी, एवढी एक मागणी त्या दोहोंच्या बळावर निश्चित करता येते.

अंध मुलांच्या बाबतीत तर सीमा आधीच पुसलेली आहे. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतील समान अक्षरांना समान बिंदू आहेत. हिंदीतून ब्रेल शिकलेल्या मुलाच्या बोटांना मराठी पुस्तकही वाचता येते. डोळसांच्या शाळेला जे साधले नाही ते या सहा टिंबांनी साधले आहे.

आपल्या अंगणात

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. आजवर वैद्यकीय दाखल्यासाठी लेकराला कडेवर घेऊन सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याला जावे लागे. एक दिवस मोडे, मजुरी बुडे, आणि मंडळाची तारीख चुकली की पुन्हा तोच प्रवास. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले ही मोठीच सोय होय. पण कचेरी जवळ आली म्हणजे न्याय जवळ आला असे आपोआप होत नाही, हे मी कचेरीच्या आत बसून पाहिले आहे. नव्या जिल्ह्याचे दप्तर अजून नवे आहे. त्यात कोणते रकाने असावेत हे ठरवून घेण्याची हीच वेळ आहे. तपासणीच्या नमुन्यात ‘मुलाची घरची भाषा’ आणि ‘तपासणीची भाषा’ असे दोन रकाने असले तरी पुष्कळ काम होईल.

आणि सारे शासनानेच करावे असेही नाही. आपल्या जुन्या मराठी घरांतून निवृत्त शिक्षक आहेत, वाचणारे आजी-आजोबा आहेत. आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन मागे पडलेल्या दोन-तीन मुलांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगावी, त्यांचे ऐकावे. ज्याला खरोखर अडचण आहे ते मूल आपल्या लक्षात येईल. ज्याला केवळ भाषेची भीती आहे त्याची भीती जाईल. शिबिरात तपासणी चालू असताना मुलाशेजारी बसून त्याला प्रश्न मराठीत समजावून सांगणारे एक माणूस असले, तरी ‘समज कमी’ या नोंदींतील काही नोंदी टळतील.

त्या शाळेतून निघताना मी ते रजिस्टर मुख्याध्यापकांच्या हाती परत दिले. तरुण होते, हिंदी भाषक होते, पण दोन वर्षांत कामापुरती मराठी शिकले होते. मी त्यांना तो शेवटचा रकाना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, आता असं कारण लिहून नाव कमी करता येत नाही.” मी म्हणालो, “खरे आहे. पण नाव पटावर राहून मूल वर्गात नसले, तर त्याचे कारण कोणत्या रकान्यात लिहाल?” त्यांनी उत्तर दिले नाही. मला वाटते, तो प्रश्न एकट्या त्यांना विचारण्याचा नव्हताच.